ब्रेक्झिट: ‘बाहेर’ म्हणजे नक्की कुठे?

ब्रेक्झिटवरच्या आपल्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांना आकडे डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय पटत नाही, त्यांच्यासाठी. मधले मधले ‘अं’, ‘हां’ आणि मागून आलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तर बऱ्याच श्रोत्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच होता. ब्रिटनमध्ये जून २०१६ ला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी निकालही लागला. मग प्रत्यक्ष बाहेर पडायला जानेवारी २०२० का उजाडावा लागला? साडेतीन वर्षं लोक भांडत कशावर होते? हरलेल्यांना हार पचली नाही, एवढंच होतं का ते?

हे उत्तर तुम्हाला बऱ्याच ठिकाणी मिळेल. मला ते अर्धवट वाटतं. ‘राहायचं की जायचं’ यावर भांडण होतं हे खरंच आहे. पण त्याहून मोठं भांडण ‘जायचं म्हणजे कुठे जायचं’ यावर होतं आणि हा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हताच. आजचा सगळा भाग या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी थोडं पाठांतर करून घेऊ, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. युरोपीय महासंघाच्या पोटात दोन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची कायम सरमिसळ होते. एक कस्टम्स युनियन आणि दुसरी सिंगल मार्केट.

कस्टम्स युनियन समजायला मुंबईकरांना अगदी सोपं आहे. २०१७ पर्यंत मुंबईत माल घेऊन शिरायचं म्हणजे मुलुंडला किंवा दहिसरला जकात नाक्यावर ट्रकची रांग. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ती जकात गेली. कस्टम्स युनियन म्हणजे सदस्य देशांमध्ये आपापसात जकात नाही, पण बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचा दर एकच. याचा एक परिणाम लक्षात ठेवा. बाहेरचा दर एकच असल्यामुळे कुठलाही एक सदस्य उठून भारताशी किंवा अमेरिकेशी स्वतःचा वेगळा व्यापार करार करू शकत नाही. जे काय ठरवायचं ते सगळ्यांनी मिळून.

सिंगल मार्केट ही नियमांची गोष्ट आहे. चीज, औषधं, खेळणी, सगळ्याचे नियम एकसारखे. फ्रान्समध्ये विकायला चालतं ते पोलंडमध्येही चालतं, सीमेवर खोकं उघडून बघायची गरज नाही. आणि त्याच्यासोबत येतं ते माणसांचं मुक्त येणंजाणं. ब्रिटन आत होता तेव्हा पोलंडचा माणूस व्हिसाशिवाय मँचेस्टरला नोकरी करू शकत होता, मँचेस्टरचा माणूस स्पेनमध्ये निवृत्त आयुष्य काढू शकत होता.

आता गंमत बघा. नॉर्वे महासंघाचा सदस्य नाही, पण सिंगल मार्केटमध्ये आहे. कस्टम्स युनियनमध्ये मात्र नाही. तुर्कस्तानचं उलटं. त्याचं महासंघाशी कस्टम्स युनियन आहे, पण तो सिंगल मार्केटमध्ये नाही. स्वित्झर्लंडने शंभरेक छोटेमोठे करार करून आपलं वेगळंच काहीतरी जमवलंय. कॅनडाचा साधा व्यापार करार आहे. हे सगळे देश युरोपीय महासंघाच्या ‘बाहेर’च आहेत. पण एकाचं बाहेर असणं दुसऱ्याच्या बाहेर असण्यासारखं नाही.

हे डोक्यात ठेवून इतिहास पटकन उरकतो. ब्रिटनला आत यायचं होतं तेव्हा फ्रान्सच्या द गॉलने १९६३ आणि १९६७ असं दोनदा नकार दिला. शेवटी १ जानेवारी १९७३ ला प्रवेश मिळाला. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, राहायचं की नाही यावर पहिलं सार्वमत झालं आणि ६७ टक्के लोक ‘राहू’ म्हणाले. म्हणजे २०१६ चं सार्वमत हे दुसरं होतं, पहिलं नव्हे. मधल्या काळात ब्रिटनने कायम एक पाय दाराबाहेर ठेवला होता. युरो चलन घेतलं नाही, शेंगेनमध्ये गेले नाहीत, थॅचरबाईंनी १९८४ मध्ये वर्गणीतून घसघशीत सूट मिळवली. मग २००४ मध्ये पोलंडसह दहा नवे देश आले. बहुतेक जुन्या सदस्यांनी नव्या लोकांसाठी नोकऱ्यांची दारं काही वर्षं बंद ठेवली, ब्रिटनने पहिल्याच दिवशी उघडली. पूर्व इंग्लंडातल्या शेतीच्या गावांमध्ये दहा वर्षांत रस्त्यावरची भाषा बदलली. लंडनच्या वर्तमानपत्रांना हे बराच काळ दिसलंच नाही.

नायजेल फराज यांच्या युकिप पक्षाची मतं वाढायला लागली आणि हुजूर पक्षाला घाम फुटला. (हो, मराठी वर्तमानपत्रं कॉन्झर्वेटिव्हला अजूनही हुजूर पक्षच म्हणतात आणि मला तो शब्द फार आवडतो.) जानेवारी २०१३ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी शब्द दिला की पुढची निवडणूक जिंकलो तर सार्वमत घेऊ. २०१५ मध्ये ते जिंकले आणि शब्द गळ्यात पडला.

२३ जून २०१६. मतपत्रिकेवर प्रश्न साधा होता: युनायटेड किंगडमने युरोपीय महासंघाचं सदस्य राहावं की महासंघ सोडावा? दोन चौकोन. एकात फुली मारायची.

आमच्या आयटीत एक प्रसंग नेहमी घडतो. क्लायंट म्हणतो, ही जुनी सिस्टीम काढून टाका. मीटिंगमधल्या सगळ्यांच्या माना हलतात. मग आपण विचारतो, बरं, नवी कशी हवी? तिथे बसलेले पाच जण सहा गोष्टी सांगतात. ‘जुनी नको’ यावर एकमत असणं आणि ‘काय हवं’ यावर एकमत असणं या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं असलं म्हणून दुसरं असतंच असं नाही.

तर आता त्या ‘सोडा’ नावाच्या चौकोनात फुली मारणारे कोण होते ते बघू.

लिंकनशरमधलं बॉस्टन हे गाव. भाजीपाल्याची शेती, पॅकिंगची कामं, पूर्व युरोपातून आलेले हजारो कामगार. तिथे ७५.६ टक्के मतं ‘सोडा’ला पडली, देशात सर्वात जास्त. तिथल्या मतदाराचं म्हणणं ढोबळमानाने असं, की बाहेरून माणसं येणं कमी करा.

दुसरीकडे करी हाउसवाले. ब्रिटनमधली ही हॉटेलं मुख्यतः बांगलादेशी मूळ असलेल्या लोकांची. त्यांना स्वयंपाकी मिळत नव्हते, कारण दक्षिण आशियातून माणूस आणायला व्हिसाचे नियम कडक. प्रीती पटेल आणि ‘सोडा’ बाजूच्या इतर नेत्यांनी त्यांना सांगितलं, की युरोपातल्या लोकांना मिळणारं झुकतं माप गेलं की तुमच्यासाठी नियम सोपे करता येतील. म्हणजे यांना हवं होतं की माणसं येऊ द्या, फक्त आमच्याकडची. चौकोन मात्र तोच.

कोळ्यांना आपल्या समुद्रातली मासेमारी परत हवी होती. काही उद्योगपतींना युरोपचे नियम जाचक वाटत होते, त्यांना कमी नियमांचा, खुल्या व्यापाराचा ब्रिटन हवा होता. आणि डाव्या बाजूचा एक छोटा गट होता, त्याला नेमकं उलटं हवं होतं. युरोपचे नियम सरकारला उद्योगांना मदत करू देत नाहीत, म्हणून बाहेर पडा आणि सरकारचा हात मोठा करा. हे सगळे एका चौकोनात. यातल्या कोणाच्याही मताला मी मूर्खपणा म्हणणार नाही, प्रत्येकाचं स्वतःचं गणित होतं. पण या सगळ्यांची इच्छा एकाच सरकारने एकाच वेळी पूर्ण करणं शक्यच नव्हतं.

‘राहा’ बाजूचं काय? ती बाजू एकसंध होती, कारण जे आहे ते कसं आहे हे माहीत होतं. पण प्रेम कोणाचंच नव्हतं! मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी टीव्हीवर आपल्या उत्साहाला दहापैकी सात-साडेसात गुण दिले होते. प्रचाराचा सगळा भर ‘गेलात तर नुकसान होईल’ यावर. सरकारच्या अर्थखात्याने तर सांगितलं की ‘सोडा’ला मत दिलं तर वर्षभरात मंदी येईल. ती काही आली नाही. विरोधक या प्रचाराला ‘प्रोजेक्ट फिअर’ म्हणत आणि मंदी न आल्यामुळे ते नाव त्या बाजूला कायमचं चिकटलं.

आणि ती लाल बस! ‘आपण दर आठवड्याला युरोपीय महासंघाला ३५ कोटी पौंड पाठवतो, त्याऐवजी आपल्या सरकारी आरोग्यसेवेला पैसा देऊ’, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर होता. आकडा फसवा होता, कारण थॅचरबाईंनी मिळवलेली सूट त्यातून वजा केलेलीच नव्हती आणि ती रक्कम ब्रिटनमधून बाहेर जातच नव्हती. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने प्रचार चालू असतानाच हे सांगितलं. पण गंमत अशी, की आकडा खोटा आहे हे सांगायला ‘राहा’वाले जितक्या वेळा टीव्हीवर आले तितक्या वेळा लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली: पैसे जातात बुवा, किती ते सोडा.

या सगळ्या गरमागरमीत मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जूनला, मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांचा त्यांच्या मतदारसंघात खून झाला. खुनी अतिउजव्या विचारांचा होता. दोन्ही बाजूंनी काही दिवस प्रचार थांबवला, मग तो पुन्हा सुरू झाला.

निकाल: ‘सोडा’ ५१.९ टक्के, ‘राहा’ ४८.१. मतदान ७२ टक्के. पण हा एक आकडा फोडला की चार देश दिसतात. इंग्लंड आणि वेल्स ‘सोडा’. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के ‘राहा’. उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के ‘राहा’. स्कॉटलंडने २०१४ मध्येच स्वतःच्या स्वातंत्र्याचं सार्वमत घेऊन ब्रिटनमध्ये राहायचं ठरवलं होतं आणि त्या वेळी त्यांना सांगितलं गेलं होतं, की युरोपात राहायचं असेल तर ब्रिटनमध्ये राहा. दोन वर्षांत हे चित्र उलटं झालं. एडिंबरात लोक चिडले नसते तरच नवल.

आता जरा आपल्या जवळचं बोलू. या मतदानात मत कोणाला होतं?

ब्रिटनच्या निवडणूक कायद्यात एक जुना, साम्राज्याच्या काळापासून चालत आलेला भाग आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथे मतदान करता येतं. म्हणजे पुण्याहून एखाद्या आयटी कंपनीने वर्क व्हिसावर पाठवलेला, भारतीय पासपोर्टवाला इंजिनियर या सार्वमतात मत देऊ शकत होता. नुकताच आलेला असला तरी, मतदार यादीत नाव नोंदवलं की झालं.

आणि आता स्विंडन. लंडनच्या पश्चिमेला तासाभरावरचं हे शहर, तिथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे. कसे पोहोचले ते तिथे? १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा पोर्तुगीज नागरिकत्व मिळवू देतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे भारतीय नागरिकत्वावर पाणी सोडावं लागतं. तरी हजारो लोकांनी ते केलं, कारण पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपीय नागरिक आणि युरोपीय नागरिक म्हणजे ब्रिटनमध्ये व्हिसाशिवाय नोकरी. लिस्बनला ढुंकूनही न बघता लोक थेट स्विंडनला किंवा लंडनमधल्या साउथॉलला गेले. गोदामं, कारखाने, विमानतळावरची कामं.

या लोकांना सार्वमतात मत नव्हतं. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडले तर युरोपीय महासंघाच्या इतर देशांच्या नागरिकांना मत नव्हतं. गणित लक्षात येतंय का? मडगावचा जो माणूस भारतीय पासपोर्ट सोडून, पंधरा वर्षं स्विंडनमध्ये राहून, कर भरून तिथलाच झाला होता, तो ज्या मतदानात आपलं भवितव्य ठरतंय ते घरात बसून बघत होता. आणि त्याच गल्लीत दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर आलेला, भारतीय पासपोर्टवाला माणूस रांगेत उभा राहून मत देऊ शकत होता. त्याने भारतीय पासपोर्ट ठेवला असता तर मत मिळालं असतं, पण मग तिथे पोहोचलाच नसता! स्विंडनने कौल दिला ‘सोडा’ला, सुमारे ५५ टक्के.

नंतर काय झालं, तर ३१ डिसेंबर २०२० च्या आधी तिथे राहत असलेल्यांना सेटलमेंट स्कीममध्ये अर्ज करून राहता आलं. अर्जाची मुदत ३० जून २०२१. त्यानंतर नव्याने जायचं तर पोर्तुगीज पासपोर्टवाल्यालाही व्हिसा लागतो. तो पासपोर्ट आता लिस्बनला किंवा डब्लिनला नेतो, स्विंडनला नाही.

परत मुख्य रस्त्यावर येऊ. कॅमरन यांनी राजीनामा दिला आणि थेरेसा मे आल्या. त्यांचं प्रसिद्ध वाक्य, ‘ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट’. ऐकायला ठाम, पण व्याख्या म्हणून त्यात काहीही नाही. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी स्वतः ठरवून टाकलं की सिंगल मार्केटही नको, कस्टम्स युनियनही नको. हा अर्थ मतपत्रिकेवर नव्हता, पण कोणीतरी ठरवायलाच हवा होता. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ असा निकाल दिला की बाहेर पडण्याची नोटीस द्यायला संसदेची परवानगी लागेल. या प्रकरणात खालच्या कोर्टाने हाच निकाल दिला होता तेव्हा डेली मेलने पहिल्या पानावर न्यायमूर्तींचे फोटो छापून त्यांना जनतेचे शत्रू म्हटलं होतं. ज्या देशात न्यायाधीशांची नावंही सहसा कोणाला माहीत नसतात तिथे हे घडलं!

२९ मार्च २०१७ ला नोटीस गेली. दोन वर्षांचं घड्याळ सुरू. आणि मग गाडी येऊन अडकली ती आयर्लंडमध्ये. इथे मी जरा थांबणार आहे, कारण वर जे ‘बाहेर म्हणजे कुठे’ म्हणतोय ते इथे नकाशावर दिसतं.

आयर्लंड बेट १९२१ मध्ये विभागलं गेलं. दक्षिणेचा मोठा भाग पुढे स्वतंत्र देश झाला, उत्तरेतले सहा परगणे ब्रिटनमध्ये राहिले. उत्तरेत दोन समाज. एक स्वतःला ब्रिटिश मानणारा, मुख्यतः प्रोटेस्टंट. दुसरा स्वतःला आयरिश मानणारा, मुख्यतः कॅथलिक. साठच्या दशकाच्या शेवटापासून तीस वर्षं बॉम्ब, गोळीबार, लष्कर. साडेतीन हजारांहून अधिक माणसं मेली. जेमतेम १५-१६ लाखांच्या वस्तीत साडेतीन हजार. प्रत्येकाच्या ओळखीतलं कोणीतरी. सीमेवर टेहळणीचे मनोरे, अडवलेले रस्ते, बंदूकधारी सैनिक आणि हीच ठाणी हल्ल्यांचं लक्ष्य.

१० एप्रिल १९९८ ला गुड फ्रायडे करार झाला. त्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. उत्तर आयर्लंडच्या माणसाने स्वतःला ब्रिटिश म्हणावं, आयरिश म्हणावं किंवा दोन्ही म्हणावं, त्याची मर्जी. हे चाललं, कारण सीमा दिसेनाशी झाली. सैनिक शांतता करारामुळे गेले आणि कस्टमची ठाणी त्याआधीच, १९९३ मध्ये सिंगल मार्केट सुरू झालं तेव्हा गेली होती. दोन्ही देश एकाच महासंघात असल्यामुळे तपासायला काही उरलंच नव्हतं.

आज ती सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे आणि तिला छेदणारे रस्ते दोनशेहून अधिक. कोणाचं घर इकडे, शेत तिकडे. उत्तरेतल्या गायींचं दूध दक्षिणेत डेअरीला जातं. डब्लिनमध्ये तयार झालेली गिनेस बिअर टँकरमधून बेलफास्टला जाते, तिथे बाटल्या आणि कॅनमध्ये भरली जाते आणि पुन्हा दक्षिणेत येते. गाडीतून जाताना देश बदलला हे कळतं ते वेगमर्यादेच्या पाटीवरून: उत्तरेत मैल, दक्षिणेत किलोमीटर.

आता ब्रिटन सिंगल मार्केट आणि कस्टम्स युनियन दोन्ही सोडणार म्हटल्यावर या दोनशे रस्त्यांचं काय? नियम वेगळे, जकात वेगळी, मग तपासणी कुठेतरी व्हायलाच हवी. तीन इच्छा होत्या. एक, आयर्लंड बेटावर सीमा दिसता कामा नये. दोन, संपूर्ण ब्रिटन सिंगल मार्केट आणि कस्टम्स युनियनच्या बाहेर हवा. तीन, उत्तर आयर्लंड आणि उरलेला ब्रिटन यांच्यामध्ये काही तपासणी नको, शेवटी देश एकच आहे. या तीनपैकी कुठल्याही दोन घ्या, तिसरी हातातून सुटते. यात वाटाघाटीचं कौशल्य वगैरे काही चालत नाही, भूगोलच तसा आहे.

हे कोणाला आधी दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. मतदानाच्या दोन आठवडे आधी जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर, दोन विरोधी पक्षांचे दोन माजी पंतप्रधान, एकत्र उत्तर आयर्लंडमधल्या डेरीला गेले आणि नेमकं हेच सांगून आले. इंग्लंडच्या प्रचारात त्याची फारशी चर्चाच झाली नाही. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातली सर्वात मोठी चूक लाल बसची नाही, ही आहे. बसवर निदान वाद तरी झाला.

मे यांनी तिन्ही इच्छा सांभाळायचा प्रयत्न केला. त्यांचा तोडगा ‘बॅकस्टॉप’ नावाने ओळखला गेला: दुसरा काही उपाय सापडेपर्यंत संपूर्ण ब्रिटन युरोपच्या कस्टम्सच्या चौकटीत राहील. त्यावर सगळे तुटून पडले. ब्रेक्झिटवाले म्हणाले, हे बाहेर पडणंच नाही. उत्तर आयर्लंडचा डीयूपी पक्ष, ज्याच्या दहा खासदारांवर २०१७ च्या निवडणुकीनंतर मे यांचं सरकार टेकलेलं होतं, तो म्हणाला, आम्हाला देशापासून वेगळं काढताय. ‘राहा’वाले म्हणाले, मग पुन्हा सार्वमत घ्या. १५ जानेवारी २०१९ ला करार मतदानाला आला आणि २०२ विरुद्ध ४३२ असा पडला. कुठल्याही ब्रिटिश सरकारचा आधुनिक काळातला सर्वात मोठा पराभव. मार्चमध्ये आणखी दोनदा आणला, दोन्हीदा पडला.

आता यातली सर्वात बोलकी संध्याकाळ. २७ मार्च २०१९. खासदारांनी म्हटलं, सरकारला जमत नाही ना, आम्हीच ठरवतो. आठ पर्याय मांडले. कराराविना बाहेर, नॉर्वेसारखं, कस्टम्स युनियन, पुन्हा सार्वमत, नोटीसच मागे घ्या, इत्यादी. प्रत्येकावर वेगळं मत. आठच्या आठ पडले! १ एप्रिलला त्यातले चार पुन्हा घेतले, तेही पडले. कस्टम्स युनियनचा पर्याय फक्त ३ मतांनी गेला. (एप्रिल फूलच्या दिवशी हे व्हावं, यावर त्या वेळी किती मीम्स आले असतील ते तुम्हीच ठरवा.) टीव्हीवर बघणाऱ्यांना वाटलं की खासदार पोरखेळ करतायत. मला वाटतं ते अगदी प्रामाणिकपणे मतदारांचं प्रतिबिंब दाखवत होते. नको काय यावर बहुमत होतं, हवं काय यावर नव्हतं. त्याच दिवसांत नोटीस मागे घ्या म्हणणाऱ्या ऑनलाइन अर्जावर ६० लाखांहून अधिक सह्या पडल्या, आणि त्याच वेळी दुसरा गट संसदेबाहेर ‘गद्दारी झाली’ म्हणून घोषणा देत होता.

यातून बाहेर काढलं ते बोरिस जॉन्सन यांनी, आणि तेही कसं, तर तिसरी इच्छा सोडून. त्याआधी त्यांनी संसद पाच आठवडे बंद ठेवायचा प्रयत्न केला. २४ सप्टेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायमूर्तींनी तो बेकायदा ठरवला. विरोधात मत दिलं म्हणून त्यांनी स्वपक्षाचे २१ खासदार गटातून काढले, त्यात चर्चिल यांचा नातूही होता. पण १२ डिसेंबरच्या निवडणुकीत ‘गेट ब्रेक्झिट डन’ या तीन शब्दांवर ३६५ जागा मिळवल्या. लोक थकले होते हो. अर्थ काय लावायचा तो लावा, पण संपवा. ३१ जानेवारी २०२० ला रात्री ११ वाजता ब्रिटन बाहेर पडला.

पुढे काय झालं ते पटकन सांगतो. अर्थव्यवस्था कोसळली नाही, सोन्याचा धूरही निघाला नाही. ब्रिटनच्या सरकारी अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या ओबीआर या स्वतंत्र संस्थेचं गृहीतक असं, की आत राहिले असते त्या तुलनेत उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. टायर फुटणं नव्हे, हळूहळू हवा जाणं. ‘सोडा’वाल्यांची एक इच्छा खरोखर पूर्ण झाली, ती म्हणजे स्वतःचे व्यापार करार: भारत आणि ब्रिटनमधला करार २४ जुलै २०२५ ला झाला, तो महासंघात राहून वेगळा करता आला नसता. स्थलांतराचं मात्र उलटंच झालं. युरोपातून येणारे घटले, पण बाहेरून येणारे इतके वाढले, ज्यात भारतीय सर्वात पुढच्या गटात होते, की २०२३ मध्ये निव्वळ स्थलांतर वर्षाला ९ लाखांच्या वर गेलं. बॉस्टनमधल्या त्या मतदाराला काय वाटलं असेल, विचार करा.

आणि आयर्लंड? बेटावर सीमा आली नाही. ती समुद्रात आली. २०२१ पासून इंग्लंडहून बेलफास्टला जाणाऱ्या मालाची, स्वतःच्याच देशातून स्वतःच्याच देशात जाणाऱ्या मालाची, कागदपत्रं सुरू झाली. सॉसेजवरून तर अक्षरशः सरकारी पातळीवर भांडण झालं. ज्या डीयूपीने ब्रेक्झिटचा हिरिरीने प्रचार केला होता, त्याने समुद्रातल्या सीमेचा निषेध म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रादेशिक सरकार सोडलं. तिथे सत्ता दोन्ही समाजांनी मिळून चालवायची असते, एक बाजू उठली की कारभार ठप्प. तो पुरी दोन वर्षं ठप्प राहिला.

मधल्या काळात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, ऋषी सुनक यांनी महासंघाशी विंडसर फ्रेमवर्क नावाचा नवा करार केला. उत्तर आयर्लंडमध्येच राहणारा माल हिरव्या मार्गिकेतून कमी कागदांवर जातो, पुढे दक्षिणेत जाण्याची शक्यता असलेला लाल मार्गिकेतून, पूर्ण तपासणीसह. म्हणूनच बेलफास्टच्या दुकानातल्या इंग्लंडहून आलेल्या दुधाच्या आणि मांसाच्या पाकिटांवर छापलेलं असतं, ‘नॉट फॉर ईयू’.

ही व्यवस्था चालू ठेवायची का, हे ठरवायचा अधिकार उत्तर आयर्लंडच्या विधानसभेला दिलेला आहे. १० डिसेंबर २०२४ ला तिथे पहिल्यांदा मतदान झालं. ४८ विरुद्ध ३६, व्यवस्था चालू राहिली. ब्रिटनशी नातं घट्ट हवं म्हणणाऱ्या पक्षांनी एकगठ्ठा विरोधात मत दिलं. दोन्ही समाजांचा पाठिंबा मिळाला असता तर ही व्यवस्था आठ वर्षं चालली असती. मिळाला नाही, म्हणून चारच. पुढचं मतदान २०२८ मध्ये.